यादीतील पेन्सिलीच्या खुणा

देहूरोडच्या छावणीतील एका शाळेत शिक्षकाची नोकरी करता करता मतदारयादीचा एक भाग सोळा वर्षे माझ्या स्वाधीन होता. सरकारी दप्तरात ज्याला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी आणि लोकांच्या तोंडी नुसते ‘बीएलओ’ म्हणतात, त्याच्या हाती अधिकार असा फारसा नसतो. तथापि हजार-बाराशे माणसांची नावे, वये, घरक्रमांक आणि त्या घरांची दारे त्याला तोंडपाठ होतात, हा लाभ लहान नाही. २००८ च्या पुनर्रचनेत मावळ हा लोकसभेचा नवा मतदारसंघ निर्माण झाला, त्याच सुमारास हे काम माझ्याकडे आले आणि २०२४ ची विधानसभा निवडणूक पार पडल्यावर मी ते खाली ठेवले. छापील यादीची एक प्रत मी नेहमी स्वतःजवळ बाळगीत असे व तिच्या समासात पेन्सिलीने खुणा करीत असे: मयतासाठी फुली, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीसाठी बाण, दाराला कुलूप आढळल्यास लहानसे वर्तुळ आणि बिऱ्हाड हलले असल्यास ‘स्थ.’ हे अक्षर. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांच्या प्रती आज काढून चाळल्या, म्हणजे त्या वर्तुळांची गर्दी पाहून मन अस्वस्थ होते. महामारीतील विपत्तीने मतदाराचा कौल कसा घडविला याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला जे सांगावयाचे आहे ते त्या समासातले आहे.

देहूरोड हे गाव नव्हे आणि शहरही नव्हे. लष्कराच्या डेपोभोवती वस्ती जमत गेली, तिच्यात तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी अशा सर्व भाषांची घरे आली, आणि किन्हई, चिंचोली, मामुर्डी, शेलारवाडी ही जुनी गावे छावणीच्या हद्दीत सामावली. येथे एकाच गल्लीत दोन प्रकारचे कामगार राहतात. एक दारूगोळ्याच्या कारखान्यात अगर डेपोत कायम नोकरीला असलेला. दुसरा पहाटे पाचाला चौकात उभा राहून चाकण, भोसरी किंवा तळेगावच्या कंपनीची बस पकडणारा, ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा, सात महिने झाले की ‘ब्रेक’ मिळणारा. मार्च २०२० पर्यंत या दोघांतला फरक पगाराच्या आकड्याचा आहे अशी माझी समजूत होती. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि तो फरक पगार असण्या-नसण्याचा आहे, हे पहिल्याच महिन्यात उघड झाले. मोटार-उद्योगाची घडी २०१९ च्या मंदीपासूनच विस्कटलेली होती. त्यात १ एप्रिलपासून बीएस-६ च्या इंजिनांचा नियम लागू व्हावयाचा, म्हणून सुट्या भागांच्या लहान कारखान्यांनी आधीच माणसे कमी केली होती. कायम कामगाराच्या खात्यात एप्रिलच्या आरंभी पगार जमा झाला. कंत्राटी कामगाराने ठेकेदाराला फोन लावला, तो बंद आला.

त्या काळात मतदारयादीचे काम स्थगित असले तरी माझे दारोदार फिरणे थांबले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली, तिच्यात आम्हा शिक्षकांची नेमणूक झाली. आणि ज्या दारांत मी वर्षानुवर्षे मतदार-चिठ्ठी घेऊन उभा राहत असे, त्याच दारांत तापमापक आणि बोटाला लावायचे प्राणवायूचे यंत्र घेऊन उभा राहू लागलो. लोक बोट पुढे करीत आणि बोलू लागत. तापाविषयी थोडे बोलत. खोलीचे तुंबलेले भाडे, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता, दोन महिन्यांचे एकदम आलेले विजेचे बिल, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली उचल आणि तीही किराणा दुकानदाराच्या वहीत गेल्याची हकिकत, हेच पुष्कळ बोलत. निधीतून तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाईभत्ता, अथवा शिलकीचे पंचाहत्तर टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती काढण्याची मुभा तेव्हा सरकारने दिली होती. म्हातारपणची ती पुंजी तिशीतल्या माणसांनी पीठ-मिठासाठी मोडलेली मी पाहिली.

एका चाळीत लागून असलेल्या दोन खोल्यांची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दोन्ही घरांत केशरीच शिधापत्रिका होती. एकीवर ‘प्राधान्य कुटुंब’ असा जांभळ्या शाईचा शिक्का होता, दुसरीवर तो नव्हता. शहरी भागात वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत असेल तर हा शिक्का मिळावा असा नियम. आणि कित्येक वर्षांपूर्वी तो मारून घेतेवेळी पहिल्या घरातील कर्ता बेकार होता, तर दुसऱ्या घरातील कर्ता नुकताच कंपनीत लागला होता, एवढेच काय ते अंतर. एप्रिल २०२० मध्ये शिक्क्याच्या घरात माणशी पाच किलो तांदूळ फुकट आला. बिनशिक्क्याच्या घरासाठी मे व जून या दोन महिन्यांपुरता आठ रुपये किलोने गहू आणि बारा रुपये किलोने तांदूळ मंजूर झाला. पण दुकानापर्यंत चालत जाण्याइतकी ताकद पायांत असूनही पिशवी भरण्याइतके पैसे त्या घरात नव्हते. मी गेलो तेव्हा त्या घरातील बाई स्टीलच्या डब्यातून तांदूळ काढीत होत्या. वाटीने मोजून घेतलेला तांदूळ पुन्हा मुठीने उचलून डब्यात मागे टाकावा, आणि मग क्षणभर थांबून त्यातला थोडा परत पातेल्यात घ्यावा, असे त्यांचे चालले होते. मला पाहताच त्यांनी डब्याचे झाकण लावले आणि त्या म्हणाल्या, “सर, शेजारी तिघं कमावते, त्यांना फुकट. आमच्या कार्डावर शिक्का नाही, म्हणून आम्ही श्रीमंत का?”

दिल्ली-मुंबईचे सरकार, कंपनी, ठेकेदार, यांपैकी कोणाचेच नाव त्यांच्या तोंडी नव्हते. राग होता तो भिंतीपलीकडच्या शेजारणीवर. पुस्तकात वाचून माझी अशी कल्पना झाली होती की, पोटाला चिमटा बसला म्हणजे माणूस सत्ताधीशाला जाब विचारतो; त्या चाळीत मला दिसले की तो प्रथम शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहतो. पुढे २०२१ मध्ये वस्तीतल्या एका कार्यकर्त्याने चार खेपा घालून त्या घराच्या कार्डावर शिक्का मारून आणला. तो कोणत्या पक्षाचा होता हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या बाईंच्या लेखी तो पक्षाचा नव्हताच, तो “आपला माणूस” होता. धान्य केंद्राचे, यंत्रणा राज्याची, दुकान परवानाधारकाचे. परंतु उपकाराची नोंद झाली ती शेवटच्या हाताच्या नावावर. हे बरोबर की चूक याचा निवाडा करण्याचा अधिकार ज्यांच्या घरी डबा भरलेला होता त्यांना नाही, असे माझे मत आहे.

विपत्तीच्या ऐन भरातच मतपेटी समोर आली, असा प्रसंग या भागात एकदाच आला. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील सुमारे चौदा हजार ग्रामपंचायतींच्या लांबलेल्या निवडणुका झाल्या, आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका गावात मतदान केंद्राध्यक्ष म्हणून माझी नेमणूक झाली. तोंडावर मुखपट्टी, दारात तापमापक, टेबलावर जंतुनाशकाची बाटली, असा सर्व सरंजाम होता. पण सकाळी साडेसातपासून जी रांग लागली ती पाहता, रोगाचे भय त्या गावाच्या मनातून केव्हाच उतरले होते असे म्हणावे लागेल. एरवी पाळीवरून थकून येणारी आणि गावकीत लक्ष न घालणारी तरुण मुले त्या वर्षी दिवसभर पारावर होती. कारखान्यासाठी जमिनी त्यांच्या आजोबांनी दिल्या. टाळेबंदीनंतर यंत्रे फिरू लागली तेव्हा फाटकावर प्रथम बोलावणे आले ते कोणाला, हा त्यांचा एकमेव प्रश्न होता. ग्रामपंचायत कारखाना चालवीत नाही. परंतु भंगाराचे, कँटीनचे, बसगाड्यांचे आणि मजूर पुरविण्याचे ठेके कोणाच्या हाती जातात, हे या पट्ट्यातल्या गावकीचे खरे राजकारण आहे, आणि तेथे सदस्य होणे म्हणजे त्या ठेक्यांच्या बैठकीत बसणे. त्या निवडणुकीत सरपंचपदाचे आरक्षण मतमोजणी झाल्यावर निघावयाचे होते, त्यामुळे सरपंच कोण हे ठाऊक नसताच लोकांनी मत दिले. त्यांनी माणसे पाहिली. टाळेबंदीत गावाच्या वेशीवर अडसर घालून बसलेला कोण, फवारणीचा पंप पाठीला लावून गल्लीतून फिरलेला कोण, आजाऱ्याला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेणारा कोण, याचा हिशेब रांगेतल्या बायका उघडपणे करीत होत्या आणि मला त्यांना वारंवार शांत राहण्यास सांगावे लागत होते.

प्लेगच्या वेळची आठवण येथे होते. १८९७ साली पुण्यात घरझडतीचा जुलूम झाला, आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडणारे चाफेकर बंधू आमच्याच शेजारच्या चिंचवडचे. त्या काळी सामान्य रयतेच्या हाती मत नव्हते. एकशे तेवीस वर्षांनी आलेल्या महामारीत तीच माणसे आपला संताप आणि कृतज्ञता दोन्ही बोटाच्या शाईने नोंदवू शकली, याचे मोल मला कमी वाटत नाही.

आणि म्हणूनच देहूरोडकरांना ती संधी मिळू नये याचे शल्य मला अधिक आहे. छावणी परिषदेची शेवटची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. निर्वाचित सदस्यांची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे रोग दाराशी येण्याच्या ऐन तोंडावर संपली. सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ दोनदा मिळाली, आणि फेब्रुवारी २०२१ नंतर लष्करी अध्यक्ष, मुख्य अधिकारी व एक नामनियुक्त नागरिक एवढ्यांवर कारभार आला. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, खाटा व प्राणवायू यांसाठी माणसे धावत होती तेव्हा ज्याचे दार हक्काने ठोठवावे असा वॉर्डाचा प्रतिनिधी कायद्याने अस्तित्वातच नव्हता. जुने सदस्य आपल्या परीने धावले, हे मी साक्षीने सांगतो. शेजारच्या देहूत नगरपंचायतीची पहिलीच निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली. आषाढीची पायी वारी दोन वर्षे बंद राहिल्याने तुळशीच्या माळा, टाळ-चिपळ्या आणि प्रसाद विकणाऱ्यांचे जे हाल झाले होते, त्यांना निदान मत मागायला येणाऱ्या माणसापुढे ते मांडता आले. आमच्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिसूचना निघाली, ३० एप्रिल ही मतदानाची तारीख ठरली, इच्छुकांनी वस्त्यांतून फिरणे सुरू केले, आणि मार्चमध्ये ती अधिसूचना मागे घेण्यात आली. नळावर पाणी भरणाऱ्या एका बाईंनी मला विचारले, “सर, आमचं मत कधी?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मत देण्यास विलंब झाला म्हणजे दुःखाचे काय होते, हे त्यानंतरच्या वर्षांत मी पाहिले. ते नाहीसे होत नाही, पण त्याचे रूप पालटते. उपासाची धार बोथट होते आणि कोण आले, कोण आले नाही, हे मागे उरते. धुण्या-भांड्याची कामे करणाऱ्या एका विधवा बाईंनी ऑगस्ट २०२४ मध्ये मला आपले पासबुक वाचून दाखविण्यास सांगितले. जनधनचे खाते, पहिल्या पानावर एप्रिल, मे, जून २०२० अशा पाचशे रुपयांच्या तीन नोंदी, त्यापुढे किरकोळ भरणा-उचल, आणि अखेरीस राखीपौर्णिमेच्या आधी जमा झालेले तीन हजार, म्हणजे ‘लाडकी बहीण’ योजनेचे जुलै व ऑगस्टचे हप्ते. पासबुकाच्या कडा पाण्याने फुगल्या होत्या. बाईंनी पदराने हात पुसून त्या पाचशेच्या नोंदींवर बोट ठेवले. “हे आले तेव्हा चारही घरची कामं सुटली होती. सोसायटीच्या गेटातून आत घेत नव्हते,” एवढेच त्या बोलल्या. चार वर्षांपूर्वीच्या त्या दीड हजारांचा आणि समोरच्या तीन हजारांचा संबंध त्यांनी आपल्या मनाशी जोडला होता. एक रक्कम केंद्राची, दुसरी राज्याची, हा भेद त्यांना मी समजावून सांगितला, तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि पासबुक घडी करून पिशवीत ठेवले.

सुशिक्षित मंडळींत याला ‘मते विकत घेणे’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. त्याच महाराष्ट्राने मे-जून २०२४ मध्ये लोकसभेच्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीला दिल्या आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० हून अधिक महायुतीला दिल्या. फुकट धान्य तर दोन्ही वेळी चालूच होते. केवळ पिशवीतल्या धान्यावर कौल ठरता, तर सहा महिन्यांत हा पालट झाला नसता. आमच्या मावळ मतदारसंघाने दोन्ही वेळी महायुतीचाच उमेदवार निवडला, हेही खरे. शिवाय माझ्याच यादीत असे एक वृद्ध गृहस्थ होते, ज्यांच्या मताशी धान्याचा वा पैशाचा यत्किंचित संबंध नव्हता. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा ते वडिलांच्या खांद्यावर बसून तेथे हजर होते. करोनात त्यांचा धाकटा मुलगा गेला, घरची मिळकत निम्म्याने घटली. मी मतदार-चिठ्ठी द्यावयास गेलो की ते उभे राहून ती दोन्ही हातांनी घेत. आपले मत बाबासाहेबांचे देणे आहे, एवढेच ते म्हणत. विपत्तीचा हिशेब सगळ्यांना लागू पडतो असे म्हणणाऱ्यांनी अशा माणसांसाठी जागा ठेवावी.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो.

हिंगोली जिल्ह्यातून आलेला एक कामगार चाकणच्या एका लहान कारखान्यात प्रेसवर होता. यादीत त्याचे नाव मीच नमुना ६ भरून घेऊन चढविले होते. मे २०२० मध्ये खोलीचे दोन महिन्यांचे भाडे थकले, मालकाने तगादा लावला, आणि तो बायको-मुलांसह एका टेम्पोतून गावी गेला. २०२१ च्या पुनरीक्षणात मी त्याच्या दारी तीन वेळा गेलो. समासात तीन वर्तुळे आहेत. नियमाप्रमाणे दाराला नोटीस चिकटविली, शेजाऱ्याचा जबाब घेतला आणि वर्तुळांपुढे ‘स्थ.’ लिहिले. नाव वगळले गेले. कागदावर त्यात एकही दोष नव्हता. शेजाऱ्याकडे त्याचा फोन नंबर होता. तो मागून एक फोन करणे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नव्हते, आणि मी ते केले नाही.

तो २०२२ च्या दिवाळीनंतर परत आला, त्याच वस्तीत दुसऱ्या चाळीत राहू लागला, आणि १३ मे २०२४ रोजी, एका दिवसाची हजेरी बुडवून, मतदार ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर आला. यादीत नाव नव्हते. त्याला मजकडे धाडण्यात आले. मी त्याला नियम सांगू लागलो, मतदानाच्या दिवशी नाव चढविता येत नाही, नोटीस लावली होती, वगैरे. तो आवाज न चढविता म्हणाला, “करोनात इथं राहायला पैसे नव्हते म्हणून गेलो, सर. मेलो नव्हतो.” आणि ओळखपत्र खिशात ठेवून तो निघून गेला.

त्या रात्री मी जुन्या प्रती काढून बसलो. माझ्या एकट्याच्या भागात २०२० ते २०२२ या काळात ‘स्थ.’ लिहून वगळलेली नावे मोजली, तर त्यांत कायम नोकरीतला एकही माणूस नव्हता. सगळे भाडेकरू, सगळे रोजंदारीचे अगर ठेक्यावरचे. महामारीची झळ ज्यांना सर्वांत अधिक लागली, त्यांचा कौल आम्ही मोजलाच नव्हता. मोजला तो जे टिकून राहू शकले त्यांचा. बिहारमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० मध्ये निवडणूक झाली तेव्हा बाहेरगावी राबणारे कित्येक मजूर टाळेबंदीमुळे आपल्या गावीच होते, त्यांना संकटाने मतपेटीपाशी नेऊन सोडले. आणि दहा लाख नोकऱ्यांचे आश्वासन त्या प्रचाराचा केंद्रबिंदू ठरले, याचे मला नवल वाटत नाही. आमच्या पट्ट्यातील हिंगोली, वाशीम, बीडच्या कामगारांना त्याच संकटाने मतपेटीपासून दूर नेऊन टाकले. त्यांचे गावच्या यादीतले नाव केव्हाच गेलेले, येथले मी काढलेले. महामारीने मतदारांना इकडे वळविले की तिकडे, हा वाद मी ऐकतो तेव्हा मला प्रथम ही माणसे आठवतात, कारण त्यांचे मत कोणत्याच बाजूच्या बेरजेत नाही.

उरलेले पाच महिने मी तेच एक काम केले. ‘स्थ.’ लिहिलेल्या प्रत्येक नावाचा शेजारी गाठला, फोन नंबर मिळवले, जे परत आले होते त्यांचे नमुना ६ भरून घेतले. कंपनीच्या बसची वेळ पहाटेची, म्हणून रात्री नऊनंतर खोल्यांवर गेलो. हिंगोलीचा तो कामगार प्रथम अर्जावर सही करीना. त्याच्या पत्नीने अर्ज त्याच्या हातून घेतला, स्वतःचाही एक मागितला, आणि दोघांनी दिव्याखाली बसून ते भरले. २० नोव्हेंबर २०२४ रोजी दोघांनी मत दिले. काही घरे मला सापडली नाहीत. त्यांच्यापुढची वर्तुळे तशीच आहेत.

आता ते दप्तर दुसऱ्या शिक्षकाच्या हाती आहे, म्हणून वाचकांजवळ एक मागणे आहे. तुमच्या घरी भांडी घासणारी बाई, तुमच्या कारखान्यात ठेकेदाराकडून आलेला मुलगा, तुमच्या खोलीतला भाडेकरू, यांचे नाव यादीत आहे काय, एवढे त्यांना एकदा विचारा. नसेल तर नमुना ६ भरण्यापुरती अर्ध्या दिवसाची मोकळीक द्या. आणि मतदानाच्या दिवशीची सुट्टी कायद्याने रोजंदारीच्या माणसालाही भरपगारी आहे, ती त्याची हजेरी न कापता द्या.